सूर्यावरचे डाग आणि छप्पनचा काळ

गोरवा हे आज बडोदे शहराचे एक उपनगर आहे. औद्योगिक वसाहतीच्या शेडी, कामगारांच्या चाळी, अलीकडे उभ्या राहिलेल्या सदनिका आणि या साऱ्यांच्या मध्ये जुन्या गावाची खूण म्हणून उरलेले तळे, असे त्याचे स्वरूप. एकेकाळी हे शहराबाहेरचे शेतीचे गाव होते. आम्ही येथे राहावयास आलो तेव्हा गावठाणातील वृद्धांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येई. एखादा पोरगा ताटात अन्न टाकून उठला, की त्याची आजी म्हणे, ‘याने छप्पनियो पाहिला नाही.’ अर्थात तिनेही तो पाहिलेला नव्हता. तिच्या आजेसासूने पाहिला होता. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ, हा गुजरातच्या स्मरणात ‘छप्पनियो काळ’ या नावाने राहिला आहे.

या शब्दामागचा आकडा शिरगणतीच्या अहवालांत सापडतो. १८९१ मध्ये बडोदे संस्थानाची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी जवळजवळ पाचात एक माणूस कमी झाला. उपासमार, तिच्या पाठोपाठ आलेली पटकी आणि ताप यांनी ही हानी केली. एवढा संहार झाल्यावर माणूस कारण विचारतो. त्या काळी इंग्लंडातील आणि हिंदुस्थानातील काही विद्वानांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आज ऐकताना नवल वाटते. ते म्हणत, कारण सूर्यात आहे. सूर्यावरच्या डागांच्या संख्येत आहे. प्रस्तुत लेखात या उत्तराचा इतिहास पाहावयाचा आहे. हे उत्तर पुष्कळ अंशी चुकले, परंतु ते शोधताना जे हाती आले ते मूळ शोधापेक्षा मोठे होते, असे आम्हांस वाटते.

पाऊस सूर्याच्या गतीवर अवलंबून असतो, हा विचार आपल्याकडे मुळीच नवा नाही. मृग, आर्द्रा, पुनर्वसू या पावसाच्या नक्षत्रांचा हिशेब सूर्याचा हिशेब आहे. सूर्य त्या नक्षत्रात शिरला की ते ‘लागले’. बडोद्यातील मराठी घरांत आजही पंचांग उघडून यंदा मृगाचे वाहन कोणते, बेडूक की कोल्हा, हे पाहिले जाते. पण पंचांगातला सूर्य निष्कलंक आणि अचल तेजाचा आहे. युरोपात दुर्बीण आल्यावर त्यावर डाग दिसले, आणि १८४३ मध्ये जर्मनीतील डेसाऊ गावच्या हाइन्रिख श्वाबे या औषधविक्रेत्याने वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांवरून दाखवून दिले, की हे डाग ठरावीक काळाने वाढतात व घटतात. हा काळ सरासरीने अकरा वर्षांचा असल्याचे पुढे निश्चित झाले. त्याच्याही आधी, १८०१ मध्ये, विल्यम हर्शेल यांनी डागांची संख्या आणि इंग्लंडातील गव्हाचे भाव यांचा संबंध जुळवून पाहिला होता. म्हणजे सूर्याच्या डागांचा धान्याशी संबंध लावण्याची ओढ ही चक्राच्या शोधापेक्षाही जुनी होती.

हिंदी महासागराच्या भोवती या कल्पनेने मूळ धरले ते १८७२ नंतर. मॉरिशसच्या वेधशाळेचे चार्ल्स मेल्ड्रम यांनी आपल्या नोंदींवरून असे प्रतिपादन केले, की डाग अधिक असतात त्या वर्षी या महासागरात चक्रीवादळेही अधिक होतात. लंडनचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी ही कल्पना उचलून धरली. पुढे १८७६ मध्ये दक्षिणेत पावसाने दगा दिला. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खनचा भाग यांत पडलेल्या या दुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक माणसे नेली. त्याच धुमश्चक्रीत, १८७७ मध्ये, विल्यम विल्सन हंटर यांनी मद्रासच्या १८१३ पासूनच्या पर्जन्यनोंदी अकरा-अकरा वर्षांच्या रांगेत मांडून दाखविले, की डाग कमी असतात त्या सुमारास तेथे पाऊसही कमी पडतो. दुष्काळाला चक्र आहे आणि ते आधी सांगता येईल, असा त्याचा मथितार्थ. लॉकियर आणि हंटर यांनी मिळून याच विषयावर एका इंग्रजी मासिकात लेख लिहिला आणि तो फार गाजला.

आक्षेपही लगेच आले. रिचर्ड स्ट्रेची यांनी त्याच मद्रासच्या आकड्यांवर गणित करून दाखविले, की अकरा वर्षांचे चक्र मानले काय किंवा न मानले काय, एखाद्या वर्षाच्या पावसाचा अंदाज त्याने विशेष सुधारत नाही. उत्तर हिंदुस्थानातील हिवाळी पाऊस तर डागांच्या उलट चालतो, असे दुसऱ्या अभ्यासकांना आढळले. म्हणजे एकाच सूर्याखाली मद्रासला एक न्याय आणि उत्तरेला दुसरा. परंतु आक्षेपांनी ही कल्पना मेली नाही. दुष्काळाचे वेळापत्रक हाती येण्याची आशा सोडवणारी नव्हती.

त्याच वर्षी पुण्यात मात्र दुष्काळाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले जात होते. सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे वेतन उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा एवढ्यावर आणले, तेव्हा दख्खनच्या मजुरांनी कामे सोडली आणि सभेने त्यांची बाजू मांडली. या अर्जांत सूर्य नाही. त्यांत धान्याचे भाव आहेत, मजुरी आहे, सारा आहे. एकाच दुष्काळाची ही दोन वाचने: एकात कारण नऊ कोटी तीस लाख मैलांवर, दुसऱ्यात कचेरीच्या टेबलावर. पुढील पाव शतकभर ही दोन्ही वाचने शेजारी शेजारी चालत राहिली.

सूर्याच्या बाजूने मात्र एक चांगली गोष्ट घडली. दुष्काळाच्या भीतीपोटी सरकारने सूर्याच्या अभ्यासावर पैसा खर्च केला. १८७८ पासून डेहराडून येथे सूर्याची रोज छायाचित्रे घेतली जाऊ लागली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. तेथे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वीस इंची आरशाची दुर्बीण बसविली. त्या काळी हिंदुस्थानात याहून मोठी दुर्बीण नव्हती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. लॉकियर स्वतः विलायतेहून येऊन कोकणात विजयदुर्गच्या किल्ल्यावर उतरले. तेथील त्यांच्या उपकरणांचे चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून अजून दाखविले जातात. हेलियमचा शोध याच कट्ट्यांवर लागला असे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नव्हे; सौर वर्णपटातील ती पिवळी रेषा लॉकियर यांनी तीस वर्षे आधी, १८६८ मध्ये, इंग्लंडातच पाहिली होती. १८९९ मध्ये कोडाईकनालची सौर वेधशाळा सुरू झाली. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद पडून तिची उपकरणे तिकडेच गेली. कोडाईकनालने शंभरांहून अधिक वर्षे सूर्याच्या ज्या प्रतिमा जपल्या, त्यांना आज जगभर मोल आहे.

योगायोग असा, की कोडाईकनालची वेधशाळा सुरू झाली त्याच वर्षी छप्पनचा काळ आला. त्या वर्षीच्या सरकारी पर्जन्य-अंदाजात येणाऱ्या संकटाची चाहूल नव्हती. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. ज्या गुजरातला हंटर आणि लॉकियर यांच्या काळात दुष्काळापासून सुरक्षित मानीत, त्या गुजरातची जनावरे चाऱ्यावाचून मेली आणि मग माणसे. सयाजीराव महाराजांनी आपल्या संस्थानातील दुष्काळी मुलखाचा स्वतः दौरा केला; त्या दौऱ्याची टिपणे १९०१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. राजाने दुष्काळाविषयी जे पाहिले ते स्वतः लिहून ठेवावे, हे त्या काळी विरळाच होते.

नोव्हेंबर १९०० मध्ये, दुष्काळाच्या जखमा ओल्या असताना, लॉकियर पिता-पुत्रांनी रॉयल सोसायटीपुढे नवा निबंध वाचला. हिंदी महासागराच्या भोवती डागांच्या कमाल काळी एक आणि किमान काळी एक अशा पावसाच्या दोन लाटा येतात, आणि या दोन लाटांच्या मधल्या पोकळीत दुष्काळ पडतात, असे त्यांचे आता म्हणणे होते. वाचकांच्या ध्यानात येईल, की १८७७ मध्ये डागांचा किमान काळ हाच दुष्काळाचा काळ ठरला होता. आता तोच पावसाचा ठरला. नियम तोच राहावा म्हणून त्याचा अर्थ बदलावा लागत होता.

त्याच वर्षी रमेशचंद्र दत्त यांनी लॉर्ड कर्झन यांस दुष्काळ आणि जमीनसारा यांविषयी खुली पत्रे लिहिली. पाऊस चुकणे माणसाच्या हाती नाही, परंतु एक पाऊस चुकताच शेतकरी मरतो याचे कारण त्याच्यापाशी काही शिल्लक राहू दिलेले नसते, असा दत्तांच्या प्रतिपादनाचा आशय. सरकारने जानेवारी १९०२ च्या ठरावाने त्यांना सविस्तर उत्तर देऊन दुष्काळाचा दोष पावसाकडे परत केला. १९०४ मध्ये सयाजीरावांनी याच दत्तांना बडोद्यास बोलावून महसूल खाते त्यांच्या हाती दिले. सारा हलका करण्याचे जे तत्त्व त्यांनी पुस्तकांत मांडले होते, ते येथे व्यवहारात आणण्याची संधी त्यांना मिळाली. पुढे ते दिवाण झाले आणि ३० नोव्हेंबर १९०९ रोजी बडोद्यातच वारले. छप्पनच्या काळाविषयीचा वाद लंडनच्या मासिकांत आणि कलकत्त्याच्या ठरावांत झडला. त्याचे एक उत्तर मात्र आमच्या या शहरात, महसुलाच्या वह्यांत, लिहिले गेले.

आता सूर्याच्या शोधाचे काय झाले ते पाहू. आपल्या नियमाला बळकटी यावी म्हणून लॉकियर पिता-पुत्र जगभरच्या वायुभाराच्या नोंदी चाळू लागले, तेव्हा त्यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. हिंदुस्थानात वायुभार वाढतो त्या वर्षी दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे तो घटतो, आणि उलट. जणू पृथ्वीच्या दोन बाजूंस तराजूची दोन पारडी होती. हे पारडे कोण हालवतो, हे त्यांना कळले नाही. त्यांचे लक्ष सूर्याकडे होते. ते कोडे उलगडण्याच्या मार्गावर नेले गिल्बर्ट वॉकर यांनी. केंब्रिजचे हे गणिती १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी कोणताही सिद्धान्त गृहीत न धरता जगभरच्या ठाण्यांचे आकडे मागविले आणि शिमल्याच्या कचेरीतील हिंदी कारकुनांकडून सहसंबंधांची हजारो गणिते करवून घेतली. १९१५ मध्ये त्यांनी सौरडागांचीही पाऊस, तपमान आणि वायुभार यांच्याशी तुलना केली. संबंध आढळले ते क्षीण. त्यांवर मान्सूनचा अंदाज उभा करावा इतके ते भक्कम नव्हते. उलट पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांमधील वायुभाराचा झोका मात्र स्पष्ट उमटला. १९२४ मध्ये त्यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या इमारतीला अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथून बसने जाणाऱ्या किती जणांना वॉकर यांच्या त्या गणितांची आठवण होत असेल?

१९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी वॉकर यांचे आंदोलन आणि पेरूच्या किनाऱ्यालगतचे पाणी तापविणारा एल निनो ही एकाच घटनेची दोन अंगे असल्याचे दाखवून दिले. पूर्व व मध्य पॅसिफिक तापला की पावसाचे ढग उभारणारा हवेचा प्रवाह पूर्वेकडे सरकतो आणि भारतावर हवा खाली बसू लागते. ढग वाढत नाहीत.

या दोन स्पष्टीकरणांची परीक्षा घेण्याची एक साधी रीत आहे. १८७१ पासूनच्या भारतीय पर्जन्यनोंदींत सर्वाधिक तुटीची चार वर्षे घ्यावीत: १८७७, १८९९, १९१८ आणि १९७२. डागांच्या चक्रात १८७७ हे किमान काळाच्या उंबरठ्यावरचे, १८९९ हे किमान काळाकडे उतरतानाचे, १९१८ हे कमाल काळाला लागूनच आलेले आणि १९७२ हे मधल्या उताराचे वर्ष. चौघांना एक सौरसूत्र लागू पडत नाही. परंतु या चारही वर्षी पॅसिफिकमध्ये एल निनो होता. अर्थात समुद्राचा नियमही लोखंडी नव्हे. १९९७ चा एल निनो प्रचंड असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. त्याचे एक कारण १९९९ मध्ये जपानी व भारतीय शास्त्रज्ञांनी वर्णिलेल्या हिंदी महासागराच्या द्विध्रुवात सापडते: आफ्रिकेकडचा समुद्र उबदार आणि सुमात्राकडचा थंड झाला, की आपल्या पावसाला टेकू मिळतो.

मग सूर्याला यातून सर्वस्वी मोकळे करावे काय? तसे करणेही घाईचे ठरेल. सूर्याची हालचाल पृथ्वीपर्यंत पोहोचते यात शंका नाही. सप्टेंबर १८५९ च्या महान सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकाने जी झेप नोंदविली, ती त्या वादळाची जगातील एक अत्यंत मोलाची नोंद गणली जाते. पण चुंबकसुई हलणे निराळे आणि ढग हलणे निराळे. उपग्रहांवरून केलेल्या मापनानुसार पृथ्वीला मिळणारे सूर्याचे एकूण तेज दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट असून, एका चक्रात ते हजारात एक एवढेच बदलते. त्यामुळे पृथ्वीच्या सरासरी तपमानात पडणारा फरक एका अंशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. अतिनील किरण मात्र काही टक्क्यांनी बदलतात. ते वरच्या थरातील ओझोनला तापवितात, तेथील वारे बदलतात आणि त्या बदलाची सावली खालच्या हवेवर पडते, असा एक मार्ग मांडला जातो. दुसरा मार्ग समुद्रावरून जातो: निरभ्र उष्ण कटिबंधीय समुद्राला थोडे अधिक ऊन मिळाले की अधिक बाष्प उठते, व्यापारी वारे ते पर्जन्यपट्ट्यांत नेतात आणि लहान कारणाचा परिणाम वाढतो. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी संगणकीय प्रतिमानांत हे दोन्ही मार्ग एकत्र जोडून दाखविले.

दीर्घ काळाच्या नोंदींत सूर्याची बाजू अधिक बळकट दिसते. आमच्या शेजारच्या अहमदाबादेतील भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी पूर्व अरबी समुद्राच्या तळाचा गाळ तपासून, गेल्या हजार वर्षांतील मान्सूनच्या चढउतारांत सूर्याच्या चढउतारांशी जुळणाऱ्या लयी असल्याचे २००२ मध्ये मांडले. २००५ मध्ये भट्टाचार्य आणि रोद्दम नरसिंह यांना डाग अधिक असण्याच्या काळात भारतातील पाऊस सरासरीने अधिक असल्याचे आढळले. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या ‘आदित्य-एल १’ या भारतीय यानावर पुण्याच्या ‘आयुका’ने घडविलेली अतिनील दुर्बीण आहे. नायगमवालांच्या पुण्याने सूर्यावरची नजर अशी पुन्हा रोखली आहे. तात्पर्य, शतकांच्या मापाने सूर्य मान्सूनला हलका हात लावीत असावा. परंतु शतकाची सरासरी शेतकऱ्याच्या हाती पडत नाही; त्याच्या हाती पडते ते एक वर्ष, आणि त्या एका वर्षाविषयी डागांची संख्या जवळजवळ काहीच सांगत नाही.

आमच्या शहराने हे अलीकडेच अनुभवले. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात जवळजवळ पाचशे मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या वर्षी सूर्य जवळजवळ निष्कलंक होता. डिसेंबर २०१९ हाच सौरचक्राचा किमान बिंदू ठरला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने पुन्हा शहरात शिरून घरे बुडविली, तेव्हा सूर्य चक्राच्या कमाल बिंदूपाशी होता. आणि १८९९ मध्ये, किमान काळाकडे जाणाऱ्या सूर्याखाली, येथे थेंब पडला नव्हता. शिवाय १९८० नंतर सौरचक्रे एकंदरीने मंदावत गेली असताना पृथ्वी तापतच राहिली. या तापण्याचा दोष सूर्यावर टाकता येत नाही, तो आपल्या धुराड्यांवर येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी दाखविल्याप्रमाणे, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यांना पाणी पुरविण्यात तापत्या अरबी समुद्राचा वाटा आहे.

सयाजीरावांनी १८८५ मध्ये हाती घेतलेले आजव्याचे सरोवर शहराची तहान भागविण्यासाठी होते. आज पावसाळ्यात त्याची पातळी आम्ही भीतीने विचारतो. कमी पाण्याचे शहर होते, ते अधिक पाण्याचे झाले आहे. यात सूर्याचा वाटा किती, समुद्राचा किती, हे शास्त्रज्ञ ठरवितील, आणि त्यांनी ते ठरवावेच. कारण हंटर-लॉकियर यांच्या चुकलेल्या शोधानेच आपल्याला कोडाईकनाल दिले आणि समुद्राची वाट दाखविली. परंतु नदीच्या पात्रात कोणी बांधले, कोणते तळे कोणी बुजविले, पंपाची सोय कोणत्या वस्तीला आधी मिळाली, हे प्रश्न सार्वजनिक सभेच्या आणि दत्तांच्या जातीचे आहेत. ते सूर्याला विचारता येत नाहीत.

गोरव्याचे तळे उन्हाळ्यात आटते आणि मृगानंतर पुन्हा भरू लागते. त्याच्या काठावरून जाताना आम्हांस ती अन्न टाकू न देणारी आजी आठवते. तिला डाग ठाऊक नव्हते आणि एल निनोही ठाऊक नव्हता. काळ पुन्हा येऊ शकतो, एवढे मात्र ती जाणून होती, आणि कोठीत वर्षाचे धान्य भरल्याखेरीज तिने कधी पावसाची कौतुके केली नाहीत.